सुई, टाके, ड्रेसिंग आणि व्हीआरचा चष्मा: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

रक्त काढताना, सलाईन लावताना किंवा भाजल्याचं ड्रेसिंग बदलताना मुलांना व्हीआरचा चष्मा लावतात, असं कुठेतरी ऐकलेले पालक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत काय करायचं हे मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

१. व्हीआर म्हणजे नेमकं काय? आणि दवाखान्यात त्याचं काय काम?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, आभासी वास्तव. डोळे पूर्ण झाकणारा एक मोठा चष्मा डोक्याला पट्ट्याने बसवतात. त्याला हेडसेट म्हणतात. आत प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळं चित्र असतं, त्यामुळे दृश्य सपाट न दिसता आपण त्याच्या आत उभे आहोत असं वाटतं. मान वळवली की दृश्यही वळतं. वर पाहिलं तर आकाश, खाली पाहिलं तर जमीन.

दवाखान्यात त्याचं काम एवढंच की सुई टोचण्याच्या किंवा पट्टी सोडवण्याच्या त्या पाच-दहा-वीस मिनिटांत मुलाचं मन तिथे नसावं. चष्मा आजार बरा करत नाही, जखम लवकर भरून आणत नाही.

२. सुई तर टोचतेच ना? मग वेदना खरंच कमी होते, की मूल फक्त विसरतं?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: वेदना जखमेच्या जागी तयार होते आणि मन ती नुसती नोंदवून घेतं. तसं नाही. हातातून निघतो तो धोक्याचा संदेश. त्याची वेदना होते मेंदूत, आणि ती किती होईल हे त्या क्षणी मेंदू आणखी कशात गुंतलाय, किती घाबरलाय, मागच्या वेळी काय झालं होतं, यावर ठरतं. मैदानात खेळताना गुडघा फुटलेलं पोर घरी येऊन रक्त पाहिल्यावरच रडायला लागतं, हे प्रत्येक आईने पाहिलेलं असतं. ते नाटक नसतं. खेळताना त्याला खरोखरच कमी दुखलेलं असतं.

संदेश मेंदूपर्यंत पोचण्याआधीच मज्जारज्जूत त्याला जणू एक दार लागतं आणि ते वरून, म्हणजे मेंदूकडूनही कमी-जास्त उघडता येतं, असा सिद्धांत रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले, पण मनाची स्थिती वेदनेची तीव्रता बदलते हा गाभा टिकला. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या संशोधकांनी आठ निरोगी प्रौढांच्या पायाला थोडा वेळ सोसवेल इतकी उष्णता देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. व्हीआरमध्ये असताना त्यांनी वेदना कमी सांगितलीच, शिवाय वेदनेशी संबंधित ज्या पाच भागांवर नजर ठेवली होती त्या पाचही भागांतली हालचाल मंदावलेली दिसली. म्हणजे ‘विसरतं’ हा शब्द पुरेसा नाही. अर्थात आठ निरोगी मोठी माणसं म्हणजे ताप आलेलं, घाबरलेलं पाच वर्षांचं मूल नव्हे. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

३. ही कल्पना सुचली कोणाला?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमारास सिॲटलच्या हार्बरव्ह्यू या रुग्णालयातल्या भाजलेल्या रुग्णांसोबत हे काम सुरू केलं. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग हा वैद्यकातल्या सर्वांत वेदनादायी प्रकारांपैकी एक. जड औषधं देऊनही ते असह्य होतं, आणि ते एकदा करून संपत नाही. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. दोघांनाही ड्रेसिंगच्या काही भागात साधा व्हिडिओ गेम दिला होता आणि काही भागात व्हीआर. व्हीआरच्या वेळी दोघांनीही वेदना बरीच कमी सांगितली.

पुढे त्यांनी खास भाजलेल्यांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ तयार केलं. बर्फाळ दरीतून तरंगत जायचं आणि हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकायचे. बर्फच का, हे सांगायला नकोच. ज्याचं अंग आगीने पोळलंय त्याला आगीची आठवण करून देणारं काहीही तिथे नको होतं.

४. मोबाईलवर कार्टून लावून दिलं तर तेच होत नाही का?

बऱ्याच वेळा होतं, आणि साध्या रक्ततपासणीला तेवढं पुरतंही. कार्टून, गाणं, गोष्ट, साबणाचे फुगे यांना कमी लेखू नका. फरक असा की मोबाईलच्या कडेने मुलाला ट्रे दिसतो, सुई दिसते, सिस्टरांचे हातमोजे दिसतात. ट्रे ठेवल्याचा आवाज आला की नजर तिकडे जाते आणि मग कार्टून कितीही आवडतं असो, खेळ संपला. हेडसेट दृश्य बंद करतो आणि कानात आवाज भरतो. वेदना मोठी किंवा लांबणारी असेल तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. दोन सेकंदांच्या लसीसाठी हेडसेट बसवण्यातच पाच मिनिटं घालवणं मला तरी पटत नाही.

५. कोणकोणत्या वेळी वापरतात?

रक्त काढणं, सलाईनची सुई बसवणं, कॅन्सरच्या मुलांमध्ये छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमध्ये (औषध देण्यासाठीच्या छोट्या डबीत) सुई घालणं, टाके घालणं-काढणं, प्लास्टर कापणं, भाजल्याचं ड्रेसिंग, दातांची कामं, काही ठिकाणी कमरेतून पाणी काढणं. भाजल्यानंतर आखडलेले सांधे मोकळे करण्याच्या व्यायामातही. प्लास्टर कापताना खरं तर दुखत नाही, पण त्या करवतीचा आवाज ऐकूनच मुलं हादरतात, म्हणून तिथे हेडफोनचा उपयोग चष्म्याइतकाच होतो.

६. अभ्यास काय सांगतात? खरंच सिद्ध झालंय का?

दिशा चांगली आहे, पण खात्रीने आकडा सांगावा इतकं सिद्ध झालेलं नाही. दोन्ही बाजू पाहू.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांवर दोन चाचण्या झाल्या, एक आकस्मिक विभागात आणि एक रक्त काढण्याच्या विभागात. २०१९ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. सुई टोचताना चष्मा लावलेल्या मुलांना नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी दुखलं. अमेरिकेत ओहायोमध्ये भाजलेल्या ६ ते १७ वर्षांच्या ९० मुलांचे तीन गट केले: एक व्हीआरमध्ये खेळणारा, एक व्हीआरमध्ये नुसतं पाहणारा आणि एक नेहमीच्या पद्धतीचा. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. खेळणाऱ्या गटाने ड्रेसिंगची वेदना सर्वांत कमी सांगितली. तिथे महागडं यंत्र नव्हतं, स्मार्टफोन बसवलेला साधा हेडसेट होता.

आता दुसरी बाजू. सगळे अभ्यास एकत्र चाळून कठोरपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये मुलांच्या तात्कालिक वेदनेवरच्या १७ चाचण्या पाहिल्या. त्यात ४ ते १८ वर्षांची १००८ मुलं होती. निष्कर्ष असा की पुराव्याची विश्वासार्हता फार कमी आहे आणि ठाम काही सांगता येत नाही. याची कारणं समजण्यासारखी आहेत. चाचण्या लहान होत्या, प्रत्येकीत यंत्र वेगळं, खेळ वेगळा, वेदना मोजायची रीत वेगळी. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. इथे डोक्यावर चष्मा आहे की नाही हे मुलालाही कळतं आणि शेजारी उभ्या आईलाही, त्यामुळे उत्तरं थोडी चष्म्याच्या बाजूने झुकणारच. म्हणून कोणी ‘वेदना अमुक टक्के कमी होते’ असं छातीठोकपणे सांगितलं तर कोणत्या मुलांची, कोणत्या प्रोसिजरला, कशाच्या तुलनेत, हे विचारा.

७. लहान मुलाला किती दुखतंय हे मोजतात तरी कसं?

साधारण पाचेक वर्षांपुढच्या मुलांना सहा चेहऱ्यांची पट्टी दाखवतात. पहिला चेहरा शांत, शेवटचा सर्वांत जास्त दुखणारा. मूल बोट ठेवतं आणि त्यावरून ० ते १० मधला आकडा मिळतो. ज्यांना सांगता येत नाही त्यांचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टींना गुण देतात. पालकांनाही विचारतात. मात्र भीती आणि वेदना ही दोन वेगळी मापं आहेत, आणि लहान मुलं दोन्हींसाठी एकच चेहरा दाखवतात.

८. मग भूल देणारं मलम, पेनकिलर यांची गरज नाही ना?

आहे. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. चष्मा औषधाच्या जोडीला असतो, औषधाऐवजी नाही. सुईआधी लावायचं बधिरतेचं मलम (लिडोकेन आणि प्रिलोकेन असलेलं) काम करायला साधारण तासभर घेतं. ते लावायला वेळ होता, पण ‘आता चष्मा आहे ना’ म्हणून लावलं नाही, तर ते मुलाचं नुकसान आहे. भाजल्याच्या ड्रेसिंगला, टाक्यांना, हाड बसवायला जे वेदनाशामक किंवा भूल ठरलेली आहे ती मिळालीच पाहिजे. सिॲटलच्या संशोधकांनीही व्हीआर मांडलं ते जड औषधांची जोड म्हणूनच, कारण तेवढी औषधं देऊनही वेदना उरत होती.

काही मुलांना चष्म्यामुळे गुंगीचं औषध कमी लागतं किंवा लागतच नाही, हे खरं. पण ते डॉक्टर ठरवतात, तेही मूल समोर असताना. यंत्र विकत घेतलं म्हणून आधीच नाही.

९. कितव्या वर्षापासून चालतं? खोक्यावर तर १३ वर्षं लिहिलंय!

घरगुती खेळासाठी विकल्या जाणाऱ्या हेडसेटवर कंपन्यांनी वयाची अट घातलेली असते. मेटाची अट बराच काळ १३ वर्षांची होती. २०२३ पासून पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह ती १० वर आली. सोनीची १२ वर्षांची. ही वयं ठरवताना डोळ्यांची वाढ, डोक्याचा आकार, मुलांच्या खात्यांचे कायदे आणि तासन्‌तास खेळण्याची शक्यता, असं बरंच काही एकत्र असतं.

दवाखान्यातला वापर वेगळा: वेळ थोडा, शेजारी प्रशिक्षित माणूस, खेळ निवडलेला. म्हणूनच चाचण्यांत चार वर्षांपासूनची मुलं आहेत. चारच्या खाली मात्र उपयोग कमी. हेडसेट डोक्यावर नीट बसत नाही, आतला खेळ कळत नाही आणि डोळ्यांसमोरून आई नाहीशी होणं हेच त्या वयात सर्वांत भीतिदायक असतं. तान्ह्या बाळाला तर आईचं दूध, कूस आणि त्वचेला त्वचा यापुढे कुठलंच यंत्र नको.

१०. डोळे खराब होणार नाहीत? चष्म्याचा नंबर वाढेल का?

दहा-वीस मिनिटांच्या वापराने नंबर वाढतो असं दिसलेलं नाही. तात्पुरता ताण येऊ शकतो, कारण हेडसेटमध्ये डोळ्यांना एका ठरावीक अंतरावरच्या पडद्यावर स्थिर व्हावं लागतं आणि त्याच वेळी दृश्यातल्या जवळच्या वस्तूसाठी बुबुळं आत वळवावी लागतात. रोजच्या पाहण्यात या दोन गोष्टी एकत्र चालतात, इथे त्यांची फारकत होते. तिरळेपणा किंवा आळशी डोळ्याचे उपचार चालू असतील तर आधी सांगा. नंबरचा चष्मा असलेल्या मुलांसाठी बऱ्याच हेडसेटमध्ये जागा करता येते. नंबरचा चष्मा काढूनच हेडसेट घालायचा असेल तर दृश्य धूसर दिसेल आणि मूल कंटाळेल, त्यामुळे आधी बसवून पाहा.

११. गरगरलं, उलटी झाली तर?

होऊ शकतं. डोळे सांगतात आपण पुढे जातोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण पलंगावर पडलोय. या भांडणातून मळमळ होते. गाडी लागते तसंच. ज्या खेळात बसल्या जागी इकडेतिकडे पाहायचं असतं, त्यात हे कमी होतं. झोपाळे, घसरगुंड्या, वेगाची वाहनं असलेले खेळ दवाखान्यात नकोतच. तुमच्या मुलाला बस लागत असेल तर आधीच सांगा. केमोथेरपीमुळे किंवा तापामुळे मुळातच मळमळत असेल तर त्या दिवशी राहू द्यावं. त्रास सुरू झाला की चष्मा काढायचा, डोळे मिटायचे. थोड्या वेळात बरं वाटतं.

१२. कोणाला अजिबात देऊ नये?

फिट येण्याचा इतिहास, विशेषतः लुकलुकत्या प्रकाशाने येणारी फिट, हे पहिलं कारण. डोक्याला नुकतीच झालेली इजा, चेहऱ्यावर, डोळ्यांवर किंवा टाळूवर जखम वा भाजलेलं, डोळे येणं, तोल जाण्याचा आजार, अंगावर उठणारा संसर्ग, तसंच शुद्ध हरपत असलेलं किंवा गोंधळलेलं मूल, यांनाही नाही.

एक गोष्ट पालक हमखास सांगायची विसरतात. मुलाच्या शरीरात चुंबकाला संवेदनशील उपकरण असेल, म्हणजे मेंदूतलं पाणी काढणारी बाहेरून जुळवता येणारी नळी, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, तर ते आवर्जून सांगा. हेडसेट आणि हेडफोनमध्ये चुंबक असतात. शेवटचा निर्णय त्या उपकरणाच्या डॉक्टरांचा.

चेहऱ्यावर पट्टा बसवता येत नाही किंवा मूल पाण्याच्या टाकीत आहे, अशांसाठी काही बर्न सेंटरमध्ये यांत्रिक हाताला टांगलेला, डोक्याला न टेकणारा चष्मा वापरला गेला आहे. पण तो सगळीकडे नसतो.

१३. आत नेमकं काय दाखवतात? आमच्या मुलाला तर मारामारीचेच गेम आवडतात.

प्रश्न ६ मधल्या ओहायोच्या अभ्यासाने जे दाखवलं तेच अनुभवाचंही सांगणं आहे: नुसतं पाहण्यापेक्षा काहीतरी करायला असलं की मूल जास्त गुंततं. पण करायचं काय, यावर बंधनं आहेत. सुई टोचलेला हात हलता कामा नये, म्हणून खेळ नजरेने नेम धरून किंवा मोकळ्या हाताच्या एका बटणाने खेळता यायला हवा. मान फार फिरवावी लागली तर अंगही हलतं. अचानक दचकवणारं, पाठलाग करणारं काही नको, कारण दचकलेलं मूल हात ओढतं. मारामारीच्या खेळाला म्हणूनच नाही म्हणतात, संस्कारांच्या कारणाने नव्हे.

खेळ सुरू होऊन मूल रमल्यानंतरच सुईकडे जायचं, आणि सुई निघून पट्टी लागेपर्यंत तो संपता कामा नये. ऐन टोचायच्या वेळी ‘खेळ संपला’ अशी पाटी आली तर सगळी मेहनत पाण्यात.

१४. मुलाला आधी सांगायचं की चष्मा लावून गुपचूप सुई टोचून घ्यायची?

सांगायचं. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागची कळकळ समजते: पोराला कळलंच नाही तर बरं. पण विचार करा. मूल समुद्राच्या तळाशी मासे पाहतंय, सगळं छान चाललंय आणि अचानक हातात कळ येते. त्याला काही दिसत नाही, कोण काय करतंय ते कळत नाही. त्या क्षणापासून चष्मा म्हणजे सापळा. पुढच्या वेळी हेडसेट पाहिला तरी ते दाराकडे पळेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. शिवाय तुम्ही शेजारी होतात आणि बोलला नाहीत, हेही त्याच्या लक्षात राहतं.

सांगायचं थोडक्यात, खरं आणि वेळेवर. ‘हाताला आधी गार पुसतील, मग टोचेल, मी तीन आकडे मोजेन तोवर संपेल. तेव्हा तुला मासे बघायचेत की हाताकडे बघायचंय?’ काही मुलांना टोचण्याच्या क्षणी ‘आता’ असं ऐकायचं असतं, काहींना नको असतं. विचारून घ्या. काही खेळांत ही वेळ गोष्टीतच गुंफलेली असते: पुसताना लाट येऊन जाते, टोचताना मासा हाताला चोखतो. ते सुंदर असतं, पण मुलाला आधी माहीत असेल तरच.

‘काही होत नाही’, ‘मुंगी चावल्यासारखं’ ही वाक्यं टाळा. मुंगी चावलेली कशी लागते हे मुलांना चांगलं माहीत असतं.

१५. मूल चष्मा लावायलाच तयार नाही. समजवायचं की सोडून द्यायचं?

एकदा समजवा, दुसऱ्यांदा नको. काही मुलांना समोर काय चाललंय ते पाहिलं की धीर येतो. सुई दिसली नाही की त्यांची भीती दुप्पट होते. अशा मुलाच्या डोळ्यांवर चष्मा चढवणं म्हणजे अंधारात कोंडणं. त्याला पाहू द्या, प्रश्न विचारू द्या, कापसाचा बोळा धरायला द्या.

ज्याला फक्त वस्तू अनोळखी वाटते त्याच्यासाठी वेगळा उपाय. आधी बाहुलीला लावा, मग आईला, मग त्याने स्वतःच्या हाताने डोळ्यांसमोर धरून पाहायचं, पट्टा न लावता. हे सुईच्या खोलीत नको. बाहेर बाकावर, सुई दृष्टीआड असताना करा.

१६. आमच्या मुलाला ऑटिझम आहे. जमेल का?

काहींना इतकं जमतं की आईवडील चकित होतात, काहींना पट्ट्याचा स्पर्शच सोसत नाही. आधी वेगळ्या दिवशी सराव करणं इथे सर्वांत महत्त्वाचं. आवाज कमी, दृश्य संथ, तोच खेळ पुन्हा पुन्हा. बाकीचं प्रश्न १५ प्रमाणेच.

१७. आम्ही काय करायचं? बाहेर थांबायचं का?

आत थांबा. मुलाला काही दिसत नसतं तेव्हा तुमचा हात हाच त्याचा खोलीशी उरलेला धागा असतो. मोकळ्या बाजूला बसा, खांद्यावर किंवा पायावर हात ठेवा आणि तो हलवत राहू नका. बोलायचं तर आतल्या जगाबद्दल बोला: ‘कासव दिसलं का?’ बऱ्याच ठिकाणी आतलं दृश्य बाहेर टॅबवर दिसतं, त्यामुळे सोपं जातं. ‘दुखतंय का, दुखतंय का’ असं विचारत राहिलात तर तुम्हीच त्याला ओढून बाहेर आणाल. आणि एकाच माणसाने बोलावं. डॉक्टर, सिस्टर, आई, बाबा, आजी सगळे एकदम धीर द्यायला लागले की मुलाला एवढंच कळतं की काहीतरी भयंकर होणार आहे.

लहान मुलाला आडवं पाडून चौघांनी धरण्यापेक्षा मांडीवर, छातीला टेकून बसवलं तर ते कमी घाबरतं. चष्मा असतानाही हे करता येतं.

१८. चष्म्याने चेहरा झाकला तर डॉक्टरांना मुलाची अवस्था कळेल का?

हा अडचणीचा आणि फार कमी विचारला जाणारा प्रश्न. रक्त काढताना काही मुलांना, विशेषतः किशोरवयात, भोवळ येते. आधी चेहरा पांढरा पडतो आणि नेमका तोच भाग झाकलेला असतो. म्हणून अशा मुलांना आडवं करूनच चष्मा द्यावा, ओठांच्या रंगाकडे लक्ष ठेवावं आणि अधूनमधून बोलतं करावं. गुंगीचं औषध दिलेल्या मुलाच्या बाबतीत श्वास आणि चेहरा दिसणं आवश्यक असतं. तिथे भूलतज्ज्ञ म्हणतील ते.

जिथे वेदना हीच खूण आहे तिथेही चष्मा नको. पोट दाबून कुठे दुखतंय हे डॉक्टर पाहत असतील तेव्हा मुलाचं लक्ष उडवून चालत नाही. प्लास्टर घातल्यावर वाढत जाणारी वेदना हा धोक्याचा इशारा असू शकतो. तिच्यावर चष्मा लावून वेळ काढू नका, लगेच सांगा.

१९. वारंवार ड्रेसिंग आहे. चौथ्या-पाचव्या वेळी चष्म्याचा कंटाळा येऊन परिणाम जात नाही का?

वाटतं तितका लवकर जात नाही. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन इथे मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या, अतिदक्षता विभागातल्या मुलांवर ड्रेसिंगच्या अनेक दिवसांत व्हीआर वापरून पाहिलं गेलं आणि पहिल्या दिवसानंतरही त्याचा उपयोग होत राहिला. तरी खेळ बदलता ठेवावा आणि मुलालाच निवडू द्यावा. निवड ही तिथे त्याच्या हातातली जवळजवळ एकमेव गोष्ट असते.

पहिली वेळ मात्र नीट जाऊ द्या. मुलाला पुढच्या वेळी किती भीती वाटेल हे मागच्या वेळी प्रत्यक्ष किती दुखलं यापेक्षा त्याला ते कसं आठवतं यावर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे घरी जाताना ‘किती रडलास रे’ असं म्हणू नका. ‘तू हात कसा स्थिर ठेवलास’ म्हणा, खरंच ठेवला असेल तर.

२०. मधेच चष्मा काढून फेकला आणि रडला. म्हणजे आमच्यावर चालत नाही का?

एका वेळेवरून ठरवू नका. बहुतेकदा कारण साधं असतं: हेडसेट जड, पट्टा आवळलेला, पहिली सुई चुकून दुसरी टोचावी लागली. दुसऱ्यांदा टोचावं लागणार असेल तर चष्मा पुन्हा लावण्याआधी थांबून सांगणं भाग आहे (प्रश्न १४). आणि रडणं म्हणजे अपयश नव्हे. रडत रडत का होईना, मुलाला जबरदस्तीने न धरता झालं असेल तर बरंच साधलं.

२१. इतक्या मुलांनी घातलेला चष्मा. संसर्ग, उवा?

चेहऱ्याला टेकणारा भाग पुसता येणाऱ्या सिलिकॉनचा हवा, कापडी स्पंज नको. प्रत्येक मुलानंतर तो निर्जंतुक वाइपने पुसायचा किंवा एकदाच वापरायचं आवरण लावायचं. डोक्याला कागदी टोपी घातली की उवांचा प्रश्नही मिटतो. ‘पुसलाय का?’ असं विचारायला लाजू नका.

२२. एमआरआयच्या आवाजाला मुलगी घाबरते. आत चष्मा लावता येईल का?

नेहमीचा हेडसेट एमआरआयच्या खोलीत न्यायचाच नाही, तिथलं चुंबक फार शक्तिशाली असतं. प्रश्न २ मधल्या प्रयोगासाठी ऑप्टिकल फायबरवर चालणारा खास चष्मा बनवावा लागला होता. पण आधीच्या तयारीला व्हीआर उत्तम आहे. बोगद्यात आडवं होऊन तो ठकठक आवाज ऐकायचा सराव करता येतो, आणि असा सराव केल्यावर काही मुलं भुलीशिवाय स्थिर राहू शकतात.

२३. घरचा हेडसेट घेऊन आलो तर?

विचारून आणा. मुलाच्या ओळखीचा असतो, हा मोठा फायदा. तोटा असा की दवाखान्यात वायफाय मिळेलच असं नाही, ऐनवेळी अपडेट सुरू होतो, चार्जिंग संपतं. खेळ आधीच उतरवून ठेवा. खोलीभर फिरायला लावणारा खेळ नको. सलाईनच्या नळीत वायर अडकणार नाही असा, बिनवायरीचा बरा.

२४. आमच्या दवाखान्यात व्हीआर नाहीच. मग?

मग फारसं बिघडलेलं नाही. या पानावरची निम्मी उत्तरं चष्म्याशिवायही लागू पडतात. बधिरतेचं मलम मिळेल का ते आदल्या दिवशीच विचारा. मुलाला मांडीवर बसवा. पाच वर्षांपुढच्या मुलाला साबणाचे फुगे किंवा लांब फुंकर मारायला द्या, टोचायच्या क्षणी फुंकर सुरू असू द्या. मोठ्या मुलाला मोजायला सांगायचं तर शंभरापासून उलटं, सात-सात वजा करत. सोप्या मोजणीला लक्ष लागत नाही. आणि तुम्ही घरी सांगता ती गोष्ट असेल तर ती खोलीत शिरण्याआधी सुरू करा, ऐन रंगात आली असताना सुई होऊ द्या, आणि उरलेली परतीच्या वाटेवर सांगा.